आधी नवरा दाखवा!

गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीचा जिना चढून एक बाई वर आली. वय बावीस-तेवीस, काखेला दीड वर्षाचे लेकरू, हातात चार घड्या घातलेला कन्नड छापील कागद. निपाणीकडची, विड्या वळून पोट भरणारी. "दादा, ह्यात काय काय मागितल्यात तेवढं वाचून सांगा," एवढीच तिची विनंती. इतर गावच्या वृत्तपत्रांच्या कचेरीत लोक बातमी घेऊन येतात. सीमाभागातील वृत्तपत्राच्या कचेरीत लोक सरकारी कागद वाचून घ्यावयास येतात, आणि ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा संताप करण्याचेही आमच्या मंडळींनी सोडून दिले आहे. कागद सरकारी साहाय्याच्या अर्जाचा होता. अर्जदाराचे नाव, वय, जात, उत्पन्न, इथवर सारे सुरळीत. पुढे पतीचे नाव. पती मृत असल्यास मृत्यूचा दाखला. घटस्फोट झाला असल्यास न्यायालयाचा हुकूम. पतीने टाकले असल्यास तसा पुरावा. आम्ही वाचीत गेलो आणि बाई प्रत्येक ओळीला नकारार्थी मान हलवीत गेली. शेवटी म्हणाली, "ह्यातलं मी कुठलंच न्हाई की हो."

खरोखरच ती त्यांतली कोणीच नव्हती. लेकराचा बाप कागलच्या बाजूचा, मालमोटारीवर असतो. लग्न झाले नाही. का झाले नाही हे आम्ही विचारले नाही, आणि वाचकांनीही विचारू नये. तो आपल्या घरी, ही आपल्या आईच्या घरी. दोन-तीन महिन्यांनी गाडीची फेरी इकडे झाली तर लेकराच्या मुठीत दोनशे-तीनशे रुपये ठेवतो आणि निघून जातो. फेरी झाली नाही तर तेही नाही. ती अगोदर एका सरकारी कचेरीत जाऊन आली होती. तेथल्या कारकुनाने तिला जे ऐकवले ते तिने आम्हांस जसेच्या तसे सांगितले. नवरा असेल तर त्याचा दाखला आण, मेला असेल तर मेल्याचा आण, सोडला असेल तर कोर्टाचा कागद आण. यातले काही नसेल तर तू कुमारी, आणि कुमारीला पोर कुठले?

हा कारकून उद्धट होता हे खरे. पण आमचा राग त्याच्यावर नाही. त्याने आपल्या मनचे काही सांगितले नाही. त्याच्या टेबलावरील नियमाने त्याला जे शिकवले तेच त्याने बोलून दाखवले. हा नियम स्त्रीला चारच रूपांत ओळखतो: सौभाग्यवती, विधवा, घटस्फोटिता आणि परित्यक्ता. चारही रूपे पुरुषाच्या असण्यावरून किंवा नसण्यावरून ठरलेली. परित्यक्ता म्हणजे टाकलेली. पण टाकलेली ठरण्याकरिता ती अगोदर कोणी तरी विधिपूर्वक घेतलेली असावी लागते. जिचे लग्नच झाले नाही तिला टाकणार कोण? तिने "त्याने मला सोडले" असे लिहून द्यावे तर कारकून विचारणार, लग्नाची पत्रिका कोठे आहे? "लग्न झाले नाही" असे लिहून द्यावे तर तो म्हणणार, मग योजना तुझ्यासाठी नाही. तो अधूनमधून पैसे देतो असे प्रामाणिकपणे सांगावे तर ती निराधार उरत नाही. देत नाही म्हणावे तर न देण्याचा पुरावा हवा, आणि तो पुरावा ज्याच्या सहीने मिळायचा तो मालमोटार घेऊन हुबळीच्या रस्त्याला लागलेला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये दीड वर्षाचे लेकरू.

कायद्याच्या भाषेत या लेकराला अनौरस म्हणतात. शब्द संस्कृत आहे, भारदस्त आहे, आणि म्हणूनच त्याच्या आत काय भरले आहे याकडे कोणाचे लक्ष जात नाही. औरस हा शब्द उरस् म्हणजे छाती यावरून आला. जे लेकरू आईच्या छातीशी दीड वर्ष वाढले ते अनौरस, आणि ज्या बापाने त्याला छातीशी धरले नाही त्याच्या नावाचा कागद आला की ते औरस! भाषाशास्त्र्यांनी या चमत्काराचा उलगडा करावा. आमच्या बुद्धीला तो होत नाही.

आता योजनांकडे वळू. कर्नाटक सरकारने २०२३ च्या ऑगस्टअखेर गृहलक्ष्मी योजना मोठ्या समारंभाने म्हैसूरला सुरू केली. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून ज्या स्त्रीचे नाव असेल तिच्या खात्यात दरमहा २,००० रुपये. योजनेमागील हेतू चांगला आहे आणि लाखो घरांत त्यातून चूल पेटली आहे, हे आम्ही नाकारीत नाही. बेळगावात जे चांगले घडते ते केवळ बंगळूरहून आले म्हणून वाईट ठरवण्याइतकी आमची दृष्टी अधू झालेली नाही. परंतु कुटुंबप्रमुख कोण? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरातील वयाने सर्वांत मोठी स्त्री. म्हणजे या बाईच्या घरात तिची आई. योजना सुरू होताना सासूला द्यायचे की सुनेला यावर राज्यभर चर्चा रंगली, थट्टाही झाली. सासू नसलेल्या आणि सूनही नसलेल्या लेकीचे काय, हा प्रश्न त्या चर्चेत कोणी काढला नाही. स्वतंत्र पत्रिका काढायची तर आईच्या पत्रिकेतून नाव कमी करून वेगळे कुटुंब दाखवायचे. ज्या एका छपराने तिला आसरा दिला तेच कागदोपत्री सोडायचे, तेव्हा ही गृहलक्ष्मी होणार.

याच राज्यात मनस्विनी नावाची आणखी एक योजना आहे. ती अविवाहित आणि घटस्फोटित स्त्रियांसाठी आहे, असे ऐकून आम्ही आशेने तिचे नियम पाहिले. वयाची अट ४० ते ६४! म्हणजे बाविसाव्या वर्षी आई झालेल्या स्त्रीने अठरा वर्षे दम धरावा. तोवर तिच्या लेकराला मतदानाचा हक्क मिळालेला असेल. अविवाहित स्त्री म्हटल्यावर नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर केस पिकलेली एकटी आत्या उभी राहिली. काखेत मूल असलेली तरुण पोर उभी राहिली नाही, किंवा राहिली असेल तर त्यांनी लाजेने डोळे मिटून घेतले.

केंद्र सरकारचे वळण याहून फारसे वेगळे नाही. मिशन वात्सल्य या योजनेत मुलाच्या संगोपनासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. कोणाच्या मुलाला? जिची आई विधवा आहे, घटस्फोटित आहे, किंवा कुटुंबाने जिला टाकले आहे, असे त्याचे शब्द आहेत. आमच्या या बाईला तिच्या आईने टाकले नाही. गावाने नाके मुरडली तरी म्हातारीने लेकीला दाराबाहेर काढले नाही, नातवंडाला मांडीवर घेतले. त्या म्हातारीच्या या माणुसकीची शिक्षा म्हणून नातवंड योजनेच्या शब्दांत बसत नाही! तिने लेकीला हाकलून दिले असते तर कदाचित बसले असते. असे नियम लिहिणाऱ्यास आपण काय लिहितो याची जाणीव नसावी, असे मानणेच त्यातल्या त्यात दयाळूपणाचे होईल.

आणि हे शब्द बदलता येत नाहीत असे मुळीच नाही. गरोदर स्त्रियांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या मातृवंदना योजनेत प्रारंभी पतीचे आधारपत्र सक्तीचे होते. मूल पोटात असलेल्या स्त्रीकडे नवऱ्याचा क्रमांक मागण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप आला, आणि २०२२ च्या नव्या नियमांत ती सक्ती काढून टाकली. एकट्या आणि टाकलेल्या मातांनाही लाभ मिळावा म्हणून ती काढली, असे सरकारने स्वतःच सांगितले. आकाश कोसळले नाही. तिजोरीला भगदाड पडले नाही. एक ओळ खोडली आणि काम झाले. जी ओळ पहिल्या बाळंतपणाच्या ५,००० रुपयांसाठी खोडता येते ती पुढची अठरा वर्षे लेकरू वाढवण्याच्या योजनांत का खोडता येऊ नये?

रकान्याइतकीच दुसरी एक गोष्ट आम्हांस बोचते, आणि ती म्हणजे चौकशी. अर्ज गेला की गावात विचारपूस होते. तो येतो का? केव्हा येतो? रात्री राहतो का? हा प्रश्न केवळ आमच्या मुलखात विचारला जातो असे नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्याने १९६४ साली असा नियम केला की, ज्या आईचे एखाद्या पुरुषाशी संबंध असतील तिच्या मुलांचे सरकारी साहाय्य बंद करावे. तो पुरुष त्या मुलांचा बाप नसला, त्यांना एक दमडी देत नसला, देण्यास कायद्याने बांधलेला नसला तरीही त्याला बदली बाप समजावे. सुमारे १६ हजार मुले साहाय्याच्या यादीतून गळली. सेल्मा गावच्या एका विधवेने या नियमास आव्हान दिले. तिच्याकडे शनिवार-रविवारी येणाऱ्या माणसाला स्वतःची बायको आणि नऊ मुले होती. १९६८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो नियम मोडीत काढला. ज्याच्यावर मुलाला पोसण्याची कायदेशीर जबाबदारी आहे तोच बाप. आईच्या वर्तनाचा दंड मुलाच्या ताटातून वसूल करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. आमच्याकडे पंचनाम्यात शेजाऱ्याला अजून विचारतात, रात्री दिवा किती वाजेपर्यंत होता?

मग बापाला कोण विचारतो? कोणीच नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आमच्या पूर्वजांनी काय उगाच केली? आणि बापाला विचारण्यास कायदा नाही म्हणावे तर तो आहे, चांगला सव्वाशे वर्षांचा जुना आहे. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ४८८ व्या कलमात बापाने मुलाचे पोषण केले पाहिजे, मग ते मूल औरस असो वा अनौरस, असे लिहिले होते. पुढे तेच १२५ वे कलम झाले, आणि २०२४ च्या जुलैपासून नव्या संहितेत १४४ वे झाले. पूर्वी महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली उठली. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्यातही हेच बंधन आहे. त्याच वर्षीच्या पालकत्वाच्या कायद्याने अशा मुलाचा पहिला पालक आई आणि तिच्यानंतर बाप, असे स्पष्ट सांगितले. आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकून अविवाहित आईला बापाचे नाव न सांगता, त्याला नोटीस न देता पालकत्व मागता येईल असा निर्णय दिला. म्हणजे न्यायालयाच्या दारात ही बाई पूर्ण आई आहे. कचेरीच्या दारात ती कोणीच नाही.

आता कोणी म्हणेल, मग तिने १४४ व्या कलमाखाली दावा लावावा. अवश्य लावावा. पण बाप कागलात राहतो आणि आई निपाणीत. मध्ये वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता आणि दोन राज्ये. वकिलाची फी, दर तारखेला बुडणारी मजुरी, समन्स बजावायला त्या राज्याचा शिपाई. हजार विड्या वळल्यावर हातात काय पडते हे निपाणीकरांना आम्ही सांगावयास नको. सरकारने आधी लेकराला पोसावे आणि मग ती रक्कम बापाकडून वसूल करावी, हा साधा न्याय आहे. शेतसाऱ्याची थकबाकी वसूल करताना सरकारला राज्याची सीमा कधी आड आलेली आम्ही पाहिली नाही.

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत लाजिरवाणे रूप आमच्याच जिल्ह्यात आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर ज्यांच्या गळ्यात मणी बांधले त्या स्त्रियांना देवाशी लग्न लावून माणसाशी लग्न करण्याचा हक्क नाकारला गेला. मुले झाली ती माणसांपासूनच. पण तो माणूस रात्री आला आणि पहाटे आपल्या वाड्यात परतला. अविवाहित आणि वेगळे राहणारे आईबाप ही काही मुंबई-पुण्याची नवी फॅशन नव्हे! आमच्या गावोगावच्या पाटलांनी, सावकारांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली, फक्त तिला धर्माचे नाव दिले. बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हा १९३४ साली या प्रथेविरुद्ध कायदा झाला. कर्नाटकाने १९८२ साली केला, महाराष्ट्राने २००५ साली. कर्नाटकाने १९९३-९४ आणि २००७-०८ साली पाहण्या केल्या; दोन्ही मिळून ४६,६६० स्त्रियांची नोंद झाली. यादीत जिचे नाव तिला निर्वाहवेतन. जी यादीतून राहिली, किंवा कायदा झाल्यावर चोरून सोडली गेली, तिने काय करावे? सांगावे तर तिला सोडणारे आईबापच गुन्हेगार ठरतात, न सांगावे तर पोट उपाशी.

येथे आम्हांस एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटक विधिमंडळाने देवदासींविषयी नवा कायदा मंजूर केला. या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाचे नाव सक्तीचे राहणार नाही, आणि मुलाला हवे असेल तर बाप कोण हे शोधून त्याच्याकडे आपला हक्क मागता येईल, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे जेथे आईची अडवणूक होते तेथे बापाचे नाव नको, आणि जेथे बाप लपतो तेथे त्याला बाहेर ओढा. नेमके हेच तत्त्व आम्ही मांडीत आहोत. ज्या सरकारशी आमचे सात दशकांचे भांडण आहे त्या सरकारने हे केले, म्हणून ते वाईट होत नाही. आमची तक्रार एवढीच की, देवाच्या नावाने फसलेल्या आईला जो न्याय दिला तो माणसाच्या वचनाने फसलेल्या आईला का नाही? अंमलबजावणी कशी होते तेही पाहावे लागेल. कायद्यांची उणीव बेळगाव जिल्ह्यास कधीच नव्हती.

आता महाराष्ट्राकडे वळू. वळताना आमचा हात थोडा जड होतो, पण वळलेच पाहिजे.

महाराष्ट्र हे आमचे घर आहे, आम्ही त्या घरात जाऊ इच्छितो, त्यासाठी १९५६ च्या जानेवारीत आमच्या माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. म्हणूनच त्या घरात आमच्या लेकीबाळींसाठी काय वाढून ठेवले आहे हे विचारण्याचा आमचा अधिकार इतरांहून अधिक आहे. संजय गांधी निराधार योजना १९८० सालची. तिच्या यादीत देवदासी आहे, अत्याचारित स्त्री आहे, कैद्याची पत्नी आहे. अविवाहित स्त्रीही आहे, पण पस्तिशीनंतर! कर्नाटकाची चाळिशी, महाराष्ट्राची पस्तिशी. पाच वर्षांनी महाराष्ट्र अधिक पुरोगामी, असे म्हणून आम्ही समाधान मानावयाचे काय? २०२३ साली हे साहाय्य दरमहा १,५०० रुपये झाले; परंतु पात्रतेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठेवलेली, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नव्हेत. ५८ रुपयांहून अधिक मिळवणारी बाई निराधार नव्हे, असा या हिशेबाचा अर्थ.

मग २०२४ साली लाडकी बहीण आली. दरमहा १,५०० रुपये. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि कुटुंबातील केवळ एक अविवाहित स्त्री. कुटुंब म्हणजे काय, तर पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. या व्याख्येप्रमाणे मूल झालेली अविवाहित स्त्री ही आपल्या बापाच्या कुटुंबातले एक मूलच! तिच्या पाठची बहीण अविवाहित असेल तर दोघींत एकच लाभ. दोघींनी चिठ्ठ्या टाकाव्यात. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात ओळख पटवण्याचे फर्मान निघाले आणि त्यात स्त्रीच्या आधारबरोबर तिच्या पतीचे किंवा पित्याचे आधार मागितले गेले. जिला नवऱ्याचा आधार नाही तिच्याकडे नवऱ्याचे आधार मागायचे, हा विनोद मराठी भाषेतच होऊ शकतो, आणि तो मराठी सरकारने केला. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जाणार. जो नवरा वर्षानुवर्षे फोन उचलत नाही त्याच्या फोनवर! ओरड झाली तेव्हा मुदत वाढवली, आणि पती वा पिता मृत असेल किंवा घटस्फोट झाला असेल तर दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा अशी सवलत दिली. पुन्हा दाखला. जिचा कोणी मेलाही नाही आणि जिला कोणी सोडचिठ्ठीही दिली नाही, ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. आणि ही सारी काटेकोर छाननी कोणत्या योजनेत, तर ज्या योजनेचे पैसे १४ हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे गेल्याचे वृत्त त्याच वर्षीच्या जुलैत प्रसिद्ध झाले होते!

यातली एक अट तर आम्हां सीमावासीयांच्या काळजात घुसावी अशी आहे. परराज्यात जन्मलेल्या स्त्रीने महाराष्ट्रातील पुरुषाशी विवाह केला असेल तर त्या पतीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा अधिवास दाखला चालेल, अशी दुरुस्ती २०२४ च्या जुलैत झाली. परराज्य म्हणजे कोणते, वाचकहो? बेळगाव, निपाणी, खानापूर! ज्यांच्यावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात हक्क सांगितला, तीच गावे. निपाणीची मुलगी कागलात लग्न करून गेली तर नवऱ्याच्या दाखल्यावर महाराष्ट्राची लाडकी बहीण. त्याच कागलच्या पुरुषाचे मूल पोटी वाढवून, त्याने लग्न न केल्यामुळे निपाणीत राहिली, तर परकी. महाराष्ट्राची बहीण होण्यासाठी महाराष्ट्राचा नवरा हवा! आमचे मराठीपण नवऱ्याच्या जन्मदाखल्यावर अवलंबून आहे, असे आम्हांस आजवर कोणी सांगितले नव्हते.

सीमेपलीकडे लाभ देता येत नाही, ही सबब कोणी पुढे करू नये. २०२३ साली महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करण्याचे ठरवले. कर्नाटकाने त्रागा केला, तरी महाराष्ट्राने निर्णय घेतला. इच्छा असली की मार्ग सापडतो. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेच्या २००५ च्या निर्णयात एकपालक मुलांची कारणे सांगताना 'अविवाहित मातृत्व' हे शब्द छापलेले आहेत. विधवा, घटस्फोटित यांच्या पंक्तीला, न लाजता छापलेले आहेत. २०२३ साली त्या योजनेची रक्कम २,२५० रुपये झाली. म्हणजे मुंबईच्या सचिवालयाला हे शब्द ठाऊक नाहीत असे नाही. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच सरकारने मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव आणि मग बापाचे, असा स्तुत्य निर्णय घेतला. कागदावर आई बापाच्या पुढे गेली. पैसे घ्यायला गेली की पुन्हा त्याच्या मागे उभी.

या पानावर असा विषय का, असे आमचे काही ज्येष्ठ सहकारी विचारतील हे आम्ही जाणून आहोत. आधी विलीनीकरण, मग बाकीचे, हा त्यांचा ठेका आम्ही लहानपणापासून ऐकला आहे. आम्ही त्यांस नम्रपणे विचारतो, दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत डोक्यावर पदर घेऊन ज्या बाया आपल्याबरोबर चालतात त्यांत अशा किती आहेत हे आपण कधी पाहिले काय? घोषणा देताना आपण त्यांना रणरागिणी म्हणतो. फेरी संपल्यावर त्यांच्यापैकी एखादीचा अर्ज पंचाच्या सहीसाठी अडला की तोच पंच, बहुधा आपलाच कार्यकर्ता, नाक वर करून म्हणतो, असल्या भानगडीत मी सही करत नाही. आम्ही असे पंच पाहिले आहेत. त्यांची नावे येथे लिहीत नाही, इतकेच. कर्नाटकाच्या कारकुनाने मराठी कागद नाकारला की आपले रक्त उसळते, आणि मराठी पंचाने मराठी आईला नाकारले की ते थंड असते. हे रक्त कोणत्या जातीचे म्हणावे?

नीतीचा प्रश्न काढणारेही आहेत. अशा स्त्रियांना पैसे दिले तर अनाचाराला उत्तेजन मिळेल, म्हणे! दरमहा हजार-दोन हजारांसाठी कोणी बाई गावची थुंकी झेलत, मूल काखेला घेऊन आयुष्य काढण्याचे ठरवील, असे ज्यांस वाटते त्यांनी कधी एक रात्र तापलेले पोर मांडीवर घेऊन जागवलेली नसावी. आणि अनाचाराला उत्तेजन मिळते ते कशाने? जो पुरुष मूल टाकून निघून जातो, ज्याच्या नावे एक नोटीस निघत नाही, ज्याच्या मजुरीतून एक रुपया कापला जात नाही, जो उद्या दुसरीशी वाजतगाजत लग्न करून योजनेच्या कागदावर सन्माननीय पती म्हणून ओटीपी सांगतो, त्याच्या बाबतीत सरकार आज काय करीत आहे?

खोटे दावे होतील, ही दुसरी भीती. होतील, काही होतीलच. विधवांच्या योजनेत झाले, शेतकऱ्यांच्या झाले, म्हणून त्या योजना बंद केल्या नाहीत. आईचे प्रतिज्ञापत्र घ्यावे, खोटे ठरल्यास शिक्षा द्यावी. परंतु साहाय्य मुलाच्या नावे असावे, त्याच्या जन्मदाखल्यावर मिळावे, आणि नवऱ्याचा रकाना अर्जातून जावा. वयाच्या अटीत 'किंवा मूल असल्यास' एवढे तीन शब्द घालावेत. आणि हो, अर्ज मराठीत असावा. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, असे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात आहे. निपाणी, खानापूर, बेळगाव येथे मराठी माणूस १५ टक्केच आहे असा दावा बंगळूरनेही केलेला नाही. या निवेदनाचा आधार आपण शाळांसाठी, फलकांसाठी घेतो. तो या अर्जासाठीही घ्यावा, आणि एकीकरण समितीने येत्या निवेदनात हा मुद्दा दोन्ही सरकारांपुढे, बंगळूरपुढे आणि मुंबईपुढे, एकाच भाषेत आणि एकाच जोराने मांडावा, अशी आमची जाहीर मागणी आहे.

बाई निघताना आम्ही तिला विचारले, बापाचे नाव लिहायचे का? ती थोडी थांबली. "त्येच्याकडनं पैसे वसूल करणार असला तर लिवा," ती म्हणाली, "नुसतं छापायला नगं." अर्ज आम्ही भरून दिला आहे. पतीच्या नावापुढे आडवी रेघ ओढली आहे आणि शेजारी मराठीत लिहिले आहे, 'मुलाची आई हीच पालक'. येत्या सोमवारी ती कचेरीत जाणार आहे, आणि आमचे दोन सहकारी तिच्याबरोबर जाणार आहेत. कारकून काय म्हणतो ते मंगळवारच्या अंकात छापू.